वीज आली, पण दुकानातली स्क्रीन काळीच? डिजिटल साइनेजमधलं ‘ऑटो-प्ले’ नेमकं कसं चालतं?

मिठाईच्या दुकानात भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला असतो. त्यावर पेढे-बर्फीचे फोटो फिरायला हवेत. प्रत्यक्षात काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ची पाटी इकडून तिकडे तरंगत असते. काउंटरवरचा मुलगा रिमोट शोधतोय आणि मालक सांगतोय, ‘अरे, पेनड्राइव्ह काढून परत लाव.’

जाहिराती, दरपत्रक किंवा सूचना दाखवणाऱ्या अशा स्क्रीनला डिजिटल साइनेज म्हणतात आणि तिला फाइल पुरवणाऱ्या डबीला साइनेज प्लेअर. कुणी हात न लावता सगळं सुरू व्हावं आणि फिरत राहावं, याला म्हणायचं ऑटो-प्ले. लोकांना वाटतं हे एक बटण आहे. खरं तर ती साखळी आहे, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा वीज गेल्यावर तुटते.

खटक्याचा टीव्ही आणि रिमोटचा टीव्ही

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की १४व्या किलोमीटरजवळ चितेगाव लागतं. मराठवाड्यात हे नाव व्हिडिओकॉनमुळे माहीत आहे. कंपनीचा नोंदणीकृत पत्ताच इथला होता आणि इथल्या कारखान्यातले टीव्ही देशभर गेले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

खटक्याचे जुने टीव्ही आठवतात? खटका दाबलेला राहिला असेल, तर वीज येताच टीव्ही आपोआप बोलायला लागायचा. आजचा स्मार्ट टीव्ही तसा नाही. वीज परत आली की अनेक टीव्ही स्टँडबायमध्ये जातात, म्हणजे लाल दिवा लावून रिमोटची वाट बघत बसतात. घरात हे सोयीचंच आहे. रात्री तीनला वीज आली म्हणून बातम्या सुरू व्हायला नकोत! दुकानात मात्र हीच सोय आड येते.

समजा, चितेगावात पैठण रस्त्यालगत तुमचं दुकान आहे आणि नाथषष्ठीला पैठणकडे जाणाऱ्या गर्दीसाठी स्क्रीनवर ऑफर लावायची आहे. सुरुवात टीव्हीपासून करा. सेटिंगमध्ये ‘पॉवर ऑन मोड’ किंवा ‘ऑटो पॉवर ऑन’ असा पर्याय शोधा. घरगुती टीव्हीत तो बऱ्याचदा ‘हॉटेल मोड’ नावाच्या लपलेल्या मेनूत असतो, काहींत नसतोच. साइनेजसाठी बनवलेल्या व्यावसायिक स्क्रीनमध्ये तो सहसा मिळतो. त्याच मेनूत सुरू होताना कोणतं इनपुट उघडायचं तेही ठरवता येतं. तिथे प्लेअर जोडलेला एचडीएमआय निवडा.

टीव्हीत हा पर्याय नसेल तर एचडीएमआय-सीईसी चालू करून बघा. यात प्लेअर त्याच केबलमधून टीव्हीला ‘जागा हो’ असा संदेश पाठवतो. सगळ्या जोड्यांत हे नीट चालत नाही, त्यामुळे टीव्ही विकत घेण्याआधी दुकानदाराकडून करून दाखवून घ्या.

आता प्लेअर

टीव्हीलाच पेनड्राइव्ह लावणं सर्वांत स्वस्त, पण घरगुती टीव्ही सुरू झाल्यावर बहुधा पेनड्राइव्ह उघडण्यासाठीही रिमोट मागतो. म्हणून वेगळा प्लेअर बरा. ब्राइटसाइनसारखे खास प्लेअर सुरू होताच मेमरी कार्डवर ‘ऑटोरन’ फाइल शोधतात आणि ती सांगेल ते चालवतात. रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही वीज मिळताच स्वतःहून सुरू होतो. जुना पीसी वापरणार असाल, तर त्याच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर ‘पॉवर ऑन’ हा पर्याय निवडावा लागतो.

दुकानांत सोपा पर्याय म्हणजे अँड्रॉइड बॉक्स, आणि तिथेच एक गोम आहे. अँड्रॉइड १०पासून मागे चालणाऱ्या ॲपला स्वतःहून पडद्यावर येण्यावर निर्बंध आहेत. ॲपमध्ये ‘स्टार्ट ऑन बूट’ला टिक केली तरी बॉक्स होम स्क्रीनवरच थांबू शकतो. उपाय दोन आहेत: ॲपला ‘इतर ॲप्सच्या वर दिसण्याची’ परवानगी द्या, किंवा ॲप तशी सोय देत असेल तर त्यालाच होम स्क्रीन करा. दुसरा उपाय जास्त भरवशाचा.

यूट्यूब लावून ठेवणं टाळा. मध्येच जाहिरात येते, काही वेळाने ‘पुढे पाहायचं का?’ म्हणून व्हिडिओ थांबतो आणि यूट्यूबच्या अटींनुसार ती सेवा वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे. सिनेमाची गाणी दुकानात वाजवायला कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार परवाना लागतो, हेही बरेच जण विसरतात.

व्हिडिओ एमपी४ आणि एच.२६४ मध्ये ठेवला की जवळपास सगळीकडे चालतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. फाइलच्या नावाआधी १, २, ३ नको, ०१, ०२, ०३ लिहा. नाहीतर काही प्लेअर १ नंतर थेट १० लावतात. शेवटी ‘रिपीट ऑल’ चालू करा.

आता मेन स्विच बंद करा, दोन मिनिटं थांबा, परत चालू करा आणि रिमोटला हात लावू नका. पहिली जाहिरात आपोआप दिसली तरच सेटिंग झालं म्हणायचं.

घड्याळ आणि जोडाक्षरं

अनेक स्वस्त बॉक्समध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की त्यांची तारीख चुकते आणि इंटरनेट मिळेपर्यंत चुकीचीच राहते. मग ‘सकाळी नऊला सुरू, रात्री नऊला बंद’ हे वेळापत्रक कोलमडतं. इंटरनेट नसेल तर वेळापत्रकावर विसंबू नका, सरळ फिरती यादी ठेवा. इंटरनेट असेल तर प्रत्येक जाहिरातीला शेवटची तारीख द्या. नाथषष्ठीची ऑफर वटपौर्णिमेला दिसली की गिऱ्हाईक ती मागतंच!

मराठीचीही एक अडचण. पडद्याखाली सरकणाऱ्या पट्टीत काही प्लेअर देवनागरी नीट जोडत नाहीत. वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षराचे पाय मोडतात. अशा वेळी मजकूर टाइप न करता त्याची इमेज किंवा व्हिडिओ बनवून टाकावा.

मोकळा यूएसबी पोर्ट

पेनड्राइव्ह लावताच फाइल सुरू होणं ही सोय वाटते. पण प्लेअरला पेनड्राइव्ह कुणाचा आहे ते कळत नाही. पडद्यावर काय जातंय हे बघायला माणूस नसेल तर काय होतं, ते मार्च २०२३ मध्ये पाटणा जंक्शनवर दिसलं. फलाटावरच्या जाहिरातींच्या स्क्रीनवर सुमारे तीन मिनिटं अश्लील क्लिप चालली. स्टेशनवर प्रवाशांची गर्दी होती. रेल्वेने त्या स्क्रीन चालवणाऱ्या एजन्सीचं कंत्राट रद्द केलं. दुकानाच्या स्क्रीनवर असं काही आलं तर जाब मालकालाच विचारला जाणार.

म्हणून प्लेअर गिऱ्हाइकाचा हात पोहोचणार नाही असा टीव्हीच्या मागे बसवा. ॲपमधून फाइल पाठवत असाल तर पेनड्राइव्हवरून आपोआप चालण्याची सोय बंद करा. सेटिंगला पिन लावा. आलेला पासवर्ड ‘१२३४’ असेल तर तो पहिल्याच दिवशी बदला. फोनवरून स्क्रीन शेअर करण्याचा पर्यायही बंद ठेवा, नाहीतर दुकानाच्या वायफायवरचा कुणीही आपला मोबाइल तुमच्या टीव्हीवर दाखवू शकतो.