साखळीतली पिन

१९९४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून मी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर खाडकन आवाज झाला, मागचं चाक जागच्या जागी आवळलं आणि गाडी आडवी झाली. चढ असल्यामुळे वेग कमी होता, म्हणून खरचटण्यावर निभावलं. चेन निघून पुढच्या दातेरी चाकात गुंतून बसली होती. आठच दिवसांपूर्वी मित्राने ती एका गॅरेजमध्ये नवी घालून घेतली होती.

घाटाखालच्या मिस्त्रींनी चेन हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "साहेब, चेन तुटलेली नाही, सुटलीय. लॉक उलटं बसवलं होतं कुणीतरी." चेनची दोन टोकं जिथे जोडतात, त्या कडीवर पत्र्याची एक छोटी क्लिप असते. तिला लॉक म्हणतात. तिची एक बाजू बंद आणि दुसरी उघडी असते. बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. उलटी बसली, तर कशाला तरी घासून निसटू शकते. नखाएवढ्या पत्र्यावर दोन माणसांचा जीव टांगलेला होता, हे तेव्हा कळलं.

लहानपणी सायकलची पडलेली चेन आपण सगळ्यांनीच काळ्या हातांनी बसवली आहे. पण ती मुळात आली कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. साखळीने चाक फिरवण्याची कल्पना जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्येही अशा साखळ्यांची चित्रं सापडतात. पण चित्रातली साखळी आणि रोज हजारो फेरे मारणारी साखळी यांत फार अंतर आहे. ते अंतर कापलं गेलं इंग्लंडमध्ये, तेही कापडगिरण्यांच्या मुलखात.

हान्स रेनॉल्ड हा स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावचा तरुण १८७३ साली मँचेस्टरला आला. १८७९ मध्ये त्याने शेजारच्या सॅल्फर्डमधला जेम्स स्लेटर यांचा छोटा कारखाना विकत घेतला. तिथे सूतगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनत. स्लेटर यांनी १८६४ मध्येच रोलर असलेल्या साखळीचं पेटंट घेतलं होतं. पण त्या साखळीत एक खोट होती. पट्ट्या थेट पिनेवर फिरत आणि सगळा ताण पट्टीच्या भोकाच्या अरुंद कडेवर येई. त्यामुळे पिन लवकर झिजे.

रेनॉल्डने १८८० साली पेटंट घेतलेली सुधारणा सांगायला दोन वाक्यं पुरतात. आतल्या दोन पट्ट्यांमध्ये त्याने एक पोकळ नळी, म्हणजे बुश, घट्ट बसवला. आता पिन त्या बुशच्या पूर्ण लांबीवर टेकून फिरू लागली आणि रोलर बुशवरून फिरू लागला. ताण पसरला, झीज घटली. आज आपल्या सायकलीत आणि मोटरसायकलीत जी चेन फिरते, तिचा मूळ आराखडा हाच आहे. १८८५ मध्ये जे. के. स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. तिच्यात पेडलची ताकद साखळीने मागच्या चाकाला मिळत होती. सायकलींचा खप वाढला, तशी साखळीची मागणीही वाढली.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटरसायकलींना मात्र चेन नव्हती, चामड्याचा पट्टा होता. पावसात तो घसरायचा, उन्हात सैल पडायचा. १९११ साली 'आइल ऑफ मॅन' बेटावरची शर्यत पहिल्यांदाच डोंगराच्या रस्त्याने झाली. मोठ्या गाड्यांच्या गटात पहिले तिन्ही क्रमांक 'इंडियन' या अमेरिकन बनावटीच्या मोटरसायकलींनी पटकावले. त्यांना दोन गिअर आणि चेन होती. चढावर पट्टा कुठे कमी पडतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या काळात पट्टा मागे पडत गेला.

आता पुन्हा आपल्या गाडीकडे येऊ. 'चेन ताणली' असं आपण म्हणतो. खरं म्हणजे लोखंडी पट्टी फारशी ताणली जात नाही, झिजतात त्या पिना आणि बुश. प्रत्येक सांध्यात केसाएवढी, दशांश मिलिमीटर झीज धरली, तरी शंभर सांध्यांची चेन एक सेंटिमीटरने लांबते. मग ती दात्यांवर नीट बसत नाही आणि दातेही खाऊ लागते. म्हणूनच जाणता मिस्त्री चेनबरोबर दोन्ही दातेरी चाकंही बदलायला सांगतो.

कारखान्यातून अखंड जोडून आलेली चेन काढायची, तर एक पिन बाहेर काढावीच लागते. पूर्वी सर्रास खाली नट ठेवून वरून पंच आणि हातोडा चालवत. पिन निघे, पण पट्टी वाकण्याची भीती असे. चेन ब्रेकर हे मुठीत मावणारं अवजार तेच काम सावकाश करतं. आधी पिनेचं चेपलेलं टोक कानशीने किंवा ग्राइंडरने घासून सपाट करायचं. चेन खाचेत बसवायची. मग स्क्रू फिरवला की त्याचं टोक पिनेला सरळ रेषेत बाहेर ढकलतं. नव्या चेनचं टोक जुन्याला तात्पुरतं जोडून ओढून घेतलं, की ती दातेरी चाकावरून आपोआप फिरून येते. जोडताना नवी कडी आणि नवी पिनच वापरायची, काढलेली पिन पुन्हा ठोकायची नाही. ताकदवान गाड्यांना क्लिपऐवजी पिनेची टोकं चेपून पक्की करायची कडी लागते. त्यासाठी चेपण्याची सोय असलेलं अवजार हवं.

रेनॉल्डने आपल्या कारखान्यात १८९६ पासून आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचं काम ठेवलं. त्या काळी हे मोठं पाऊल होतं. सांध्यावरचा ताण पसरवला की साखळी टिकते, हे त्याला लोखंडात उमगलं होतं. माणसांच्या बाबतीतही त्याने तोच हिशेब केला असावा, असं मला आपलं वाटतं.

मित्राने त्यानंतर गाडीची चेन कधीच गॅरेजवर सोडून दिली नाही. चेन बदलताना तो शेजारी उभा राहतो आणि लॉकची बंद बाजू कुठे आहे ते स्वतः वाकून पाहतो. तुम्हीही पाहत जा. अर्धं मिनिट लागतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)