डार्विन वगळला की कोण परत येतो?

जानेवारी २०१८. औरंगाबादला वैदिक संमेलन भरले होते. केंद्राचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितले-लिहिलेले नाही, तेव्हा शाळा-कॉलेजचा अभ्यासक्रम बदला. हे गृहस्थ रसायनशास्त्र शिकलेले आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त! देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्यांना खोडून काढले. लोक हसले आणि विसरले.

पाच वर्षांनी, २०२३ साली, एनसीईआरटीचे दहावीचे विज्ञानाचे नवे पुस्तक छापून आले. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नाव आता नुसते ‘आनुवंशिकता’ होते. कारण दिले कोरोनाकाळातल्या अभ्यासाच्या ओझ्याचे. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. सरकारचे उत्तर एवढेच, की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे ना!

बारावीला जीवशास्त्र कोण घेतो? आमच्या गोंदिया जिल्ह्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या खेड्यांतली किती मुले तिथवर जातात? दहावीनंतर कोणी कला शाखेत, कोणी आयटीआयला, कोणी धानाच्या बांधीत, कोणी कामाला नागपूरला. माणूस कुठून आला हे शाळेत ऐकण्याची त्यांची शेवटची संधी दहावीचीच असते.

अमेरिकेतही हे भांडण झाले. १९२५ साली टेनेसी राज्यात डेटन गावच्या जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड ठोठावला गेला. बायबलची निर्मितीकथा विज्ञानाच्या जोडीने शिकवण्याची सक्ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरवली. पण बायबलच्या कथेत सगळ्यांचा बाप एकच, आदम. आपल्याकडची कथा तशी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त आणि मनुस्मृतीचा पहिला अध्याय माणसाची निर्मिती सांगतानाच मुखातून ब्राह्मण आणि पायातून शूद्र काढतात. इथे निर्मितीची कथा हाच वर्णव्यवस्थेचा जन्मदाखला आहे. म्हणून हा वाद आमच्यासाठी केवळ विज्ञानाच्या तासापुरता नाही.

(माघ पौर्णिमेला कचारगडला जमणारे गोंड बांधवही आपल्या मूळपुरुषांची कथा सांगतात. पण त्या कथेत कोणी कोणाच्या पायातून जन्मत नाही, आणि ती विज्ञानाच्या पुस्तकात घाला असेही कोणी म्हणत नाही.)

या कथेला उत्तर देणारी आपली परंपरा डार्विनपेक्षा फार जुनी आहे. अग्गञ्ञ सुत्तात तथागत वासेट्ठाला विचारतात, ब्राह्मण स्त्रियांना ऋतू येतो, त्या गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात. मग ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले कसे? सुत्तनिपातातले वासेट्ठ सुत्त आणखी पुढे जाते. गवत, झाडे, किडे, साप, मासे, पक्षी यांच्या जाती अंगावरच्या खुणांनी वेगळ्या ओळखता येतात, माणसामाणसांत तशी खूण नाही. याला जीवशास्त्र नाही तर काय म्हणायचे?

डार्विनचा माणसाच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ १८७१ चा. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. जोतीरावांनी ब्रह्मदेवाच्या चार ठिकाणच्या बाळंतपणाची रेवडी उडवली आणि मत्स्य, कच्छ, वराह यांना स्वारी करून आलेल्यांचे म्होरके ठरवले. २०१९ च्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एक कुलगुरू दशावतार म्हणजेच उत्क्रांती असे सांगत होते, तेव्हा जोतीराव कोणाला आठवले?

बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात पुरुषसूक्ताची चिरफाड केली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये तर त्यांनी स्पष्टच म्हटले आहे की जग कोणी निर्माण केलेले नाही, ते विकसित झाले आहे, आणि ईश्वराला कोणी पाहिलेले नाही. ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न सत्यपाल सिंहांनी ब्रह्मदेवाला कधी विचारला?

काही साथी म्हणतात, डार्विनच्या नावावरच श्रेष्ठ वंशाचे तत्त्वज्ञान उभे राहिले. खरे आहे. जातीचे समर्थकही रक्तशुद्धीची भाषा बोलत होते. पण त्यांना बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त १९३६ सालीच उत्तर दिले: पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. उत्क्रांती नीट शिकवली तर हेच सिद्ध होते. तिचा गैरवापर झाला म्हणून तीच सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

जुलै २०१९ मध्ये हेच सिंह लोकसभेत म्हणाले, आम्ही ऋषींची संतान. द्रमुकच्या कनिमोळींनी तिथेच सुनावले, माझे पूर्वज ऋषी नाहीत, होमो सेपियन्स आहेत, आणि माझे आईवडील शूद्र आहेत.

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. पण २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीचा श्लोक आला होता, तोही बाबासाहेबांनी महाडला ती जाळल्यावर ९७ वर्षांनी. २०२५ पासून पहिलीला सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम लागू झाला आणि तो टप्प्याटप्प्याने वर सरकतो आहे. दहावीची पाळी येईल तेव्हा हा धडा पूर्ण राहणार की अर्धा, हे बालभारती आणि शिक्षण विभागाला आत्ताच लेखी विचारायला हवे, आणि तालुक्यातालुक्यातून विचारायला हवे.