मुदत, फौजदारी कारवाईची

फौजदारी कारवाईची मुदत : गुन्हा घडल्यानंतर ज्या कालावधीत खटला दाखल झाला, तरच न्यायालयास त्याची दखल घेता येते, तो कायद्याने ठरविलेला कालावधी. दिवाणी दाव्याची मुदत संपली म्हणजे वादीचा उपाय बुडतो. येथे शिक्षा करण्याचा शासनाचा अधिकारच कुंठित होतो. राजाच्या अधिकाराला काळाची बाधा नाही, असे इंग्लिश कॉमन लॉचे तत्त्व होते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा याविषयीचा कायदा वेगळा असून वायोमिंग व साउथ कॅरोलायना या राज्यांत अशी मर्यादाच नाही.

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सर्वसाधारण मुदत नव्हती. विधी आयोगाने ४२ व्या अहवालात (१९७१) तिची शिफारस केली आणि १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या १९७३ च्या संहितेत ती आली. केवळ दंडाच्या गुन्ह्यास सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यास एक वर्ष व तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यास तीन वर्षे, असे हे प्रमाण होय. त्याहून गंभीर गुन्ह्यांना मुदत नाही. आर्थिक गुन्हे १९७४ च्या स्वतंत्र अधिनियमाने वगळण्यात आले. मुदत सामान्यतः गुन्ह्याच्या दिनांकापासून, परंतु गुन्हा किंवा गुन्हेगार अज्ञात असल्यास तो कळल्यापासून मोजतात. चालू राहणाऱ्या गुन्ह्यात ती क्षणोक्षणी नव्याने सुरू होते, तर न्यायहितार्थ न्यायालय विलंब माफही करू शकते.

तक्रार वेळेत येऊनही न्यायालयाने दखल उशिरा घेतली तर काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. न्यायालयाच्या दिरंगाईची झळ फिर्यादीस लागणे उघडच अन्याय्य होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये तक्रार दाखल झाल्याचा दिनांकच ग्राह्य धरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये तसे स्पष्टीकरणच आहे.

विशेष कायद्यांतील मुदती निराळ्या असतात. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याच्या कलम १६१ मध्ये पोलिसांनी अधिकाराच्या आवरणाखाली केलेल्या कृत्यांबद्दलची मुदत मुळात अवघी सहा महिने होती. तपासात मारहाण करणे हा कर्तव्याचा भाग नव्हे, म्हणून त्यास हे संरक्षण नाही, असा निर्णय महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये दिला. एरवी कोठडीतील छळाची तक्रार सहा महिने दाबून ठेवणे पुरेसे ठरले असते.

पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यातील व रहाटणीसारख्या वस्त्यांतील कामगारांच्या दृष्टीने कारखाने अधिनियम, १९४८ याचे कलम १०६ महत्त्वाचे होते. निरीक्षकास गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार झाली पाहिजे. लेखी आदेशाचा भंग असेल, तर गुन्ह्यापासून सहा महिन्यांत, असा तो नियम होता. यंत्रात कामगाराची बोटे तुटली, तरी काळ त्या दिवसापासून नव्हे, तर निरीक्षकास उल्लंघन कळल्यापासून धावे. दडवलेल्या अपघातात कामगारास याचा लाभ होई; उलट पाहणीनंतर कागद कार्यालयातच रेंगाळल्यास मालक सुटे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली.