राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, जोधपूर

जोधपूर शहरात मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टरांवर पसरलेले खडकाळ रान. १४५९ मध्ये शहर वसवणाऱ्या राव जोधांचे नाव त्याला दिले आहे. येथील ऱ्हायोलाइट आणि वेल्डेड टफ हे खडक सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचे असून, जमीन इतकी कठीण असल्यामुळेच शहराच्या वेढ्यातही ती मोकळी राहिली.

मोकळी राहिली तरी ती मूळची राहिली नव्हती. महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणून ओळखले जाणारे अमेरिकन झाड येथे बावळिया या नावाने माजले होते. १९३० च्या दशकात महाराजा उमेदसिंग यांनी विमानातून त्याचे बी विखुरले, असे सांगतात. शेळ्या स्थानिक झुडपे ओरबाडतात, पण बावळियाच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेंगा मात्र आवडीने खातात आणि लेंड्यांतून बी रानभर पसरते.

२००६ मध्ये मेहरानगड म्यूझियम ट्रस्टने वनस्पतींचे अभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्याकडे हे रान सोपवले. बावळिया वरून तोडला की पुन्हा फुटतो. मुळे तर खडकाच्या भेगांत रुतलेली. यातून वाट काढली ती खांडवालिया या दगडफोड्यांनी. हातोड्याचा ठोका मारायचा, आवाजावरून खडकाची कच्ची जागा ओळखायची आणि छिन्नीने सुमारे हातभर खोल जाऊन फुटवे येणारा भाग मुळासकट काढायचा. या प्रकल्पाच्या यशात त्यांचा वाटा कोणत्याही तज्ज्ञाइतकाच मोठा आहे.

त्याच खड्ड्यांत माती भरून थरच्या खडकाळ भागातील वनस्पती लावल्या. पाण्याच्या जोरावर वाढणारी शोभेची झाडे मुद्दाम टाळली, आणि तो निर्णय योग्यच होता. काटेरी, दुधाळ चिकाच्या थोराचे पुंजके या खडकाची खरी ओळख आहेत. त्यांच्या जोडीला कुमट, गुग्गुळ आणि पावसापुरते उगवणारे गवत. कडक उन्हाळ्यात हे रान बरेचसे उघडेबोडके दिसते आणि ते तसेच दिसायला हवे.

२०११ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीत त्याचे माहिती केंद्र आहे; तेथून खडकात खोदलेल्या जुन्या पाटातून पायवाट जाते. बावळियाचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, त्यामुळे त्याची रोपे उपटण्याचे काम कधी संपत नाही.