न्हाणीचे पाणी

घरात पाणी कसे आले, याचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो. विहीर कोणी खोदली, बारव कोणी बांधली, नळ कोणत्या साली आला, हे गावोगावचे वृद्ध अभिमानाने सांगतात. परंतु तेच पाणी न्हाणीतून बाहेर पडल्यावर कोठे जात असे, हा प्रश्न व्याख्यानाचा विषय होण्याइतका मोठा आहे असे फारसे कोणास वाटत नाही. आम्हांस तो तसा वाटतो. शेताच्या बांधावरून भाऊबंदकी होते हे खरेच. पण गल्लीत शेजाऱ्याशेजाऱ्यांचे बोलणे बंद होते ते बहुधा मोरीवरूनच.

हे भांडण जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथे शामशास्त्री यांच्या हाती 1905 साली आली आणि 1909 मध्ये ग्रंथ छापला गेला. विद्वानांचे लक्ष त्यातील राजनीतीकडे गेले, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्याच ग्रंथात घर बांधण्याचे नियम आहेत. घरातून पाणी बाहेर नेणारी वाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठराविक अंतर सोडून आणि पाणी मुक्काम न करता निघून जाईल अशी करावी. न करील त्यास चौपन्न पण दंड. रस्त्यात चिखलपाणी तुंबविणाऱ्यास पाव पण दंड, आणि तो रस्ता राजमार्ग असेल तर दुप्पट. यापेक्षाही आम्हांस मौज वाटते ती एका अपवादाची. उकिरडा, मोरी, आड यांची जागा घराच्या सोयीने ठरलेली असावी, ती भलतीकडे करू नये. मात्र बाळंतिणीसाठी खणलेल्या खड्ड्याला दहा दिवसांपर्यंत सूट आहे. आपल्याकडे बाळंतिणीला रोज कढत पाण्याने न्हाऊ घालतात. त्या पाण्याला वेगळी जागा लागते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराच्या त्या शास्त्रकाराला ठाऊक होते. राज्य चालविण्याचे शास्त्र लिहिणारा माणूस बाळंतिणीच्या मोरीपर्यंत उतरतो, यावरून त्याची थोरवी कळते.

त्याहून मागे गेलो तर मोहेंजोदडो येथील मोठे स्नानकुंड आहे. ते 1925-26 च्या सुमारास उजेडात आले. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल असे ते कुंड डांबराचा थर देऊन जलाभेद्य केले होते. सर्वजण त्या कुंडाचे वर्णन करतात. आमचे लक्ष मात्र त्याच्या एका कोपऱ्यातील मोरीकडे जाते. कुंड रिकामे करता यावे म्हणून तिला जोडून कमानीसारखी भुयारी गटार बांधली होती, आणि ती माणूस उभा राहील एवढी उंच आहे. कुंड बांधणाऱ्याने ते भरण्याआधी रिते करण्याचा विचार केला होता.

आता आपल्या खोऱ्याकडे येऊ. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी 1954-55 मध्ये उत्खनन केले, आणि ताम्रपाषाणयुगापासून तेथे वस्ती असल्याचे दिसून आले. एवढी दीर्घ वस्ती नदीच्या काठी टिकली, त्यात नदीचा मोठा वाटा आहे. वाहते पाणी अंगावरून गेले की स्नान झाले आणि सांडपाण्याचा प्रश्नही उरला नाही. सातपुड्यात पावरा आणि भिल्ल वस्त्यांची घरे आपापल्या शेतात विखुरलेली असतात. तेथे नदीच्या वाळूत झिरा उकरून पिण्याचे पाणी निराळे घेतात आणि अंग धुतात ते खाली, वाहत्या पाण्यात. शहादे तालुक्यात दरा गावाजवळ उनपदेव येथे तर जमिनीतूनच ऊन पाणी येते. तेथे कोणास बंब पेटवावा लागत नाही.

बंब पेटविण्याची खरी हौस वरच्या अंगास, बुऱ्हाणपुरास दिसते. सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा जुना मार्ग नंदुरबारावरून जात असे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी 1610 मध्ये याच वाटेने गेला. त्या नगरात खानखानान अब्दुल रहीम याच्या काळी, 1615 मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याचे पाझर भुयारांतून आणण्याची योजना झाली. कुंडी भंडारा म्हणून ती आजही पाहावयास मिळते. शाही किल्ल्यात शहाजहानच्या काळचा हमाम आहे. त्यात ऊन आणि थंड, दोन्ही पाण्यांची सोय होती. मुमताजमहल याच नगरात 1631 मध्ये बाळंतपणात वारली. पाहुणे हमामात जातात ते मान वर करून, छतावरील रंगकाम पाहण्यासाठी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा मान खाली घालून जमिनीचा उतारही पाहावा, अशी आमची सूचना आहे.

परंतु सामान्य माणसाचा हमाम म्हणजे परसदारची न्हाणी. एक दगडी फरशी, तांब्याचे घंगाळ, कोपऱ्यात बंब आणि भिंतीला एक भोक. त्या भोकातून पाणी जेथे पडे, तेथे केळ, अळू आणि कर्दळ हटकून असत. या तिन्ही वनस्पती पाणी पिणाऱ्या आहेत. त्यांच्या रुंद पानांतून दिवसभर बाष्प उडून जाते, आणि न्हाणीचे पाणी संध्याकाळपर्यंत आटते. याला कोणी शास्त्र म्हटले नाही, पण ते उत्तम शास्त्र होते. अंगाला लागत असे ते शिकेकाई, रिठा, डाळीचे पीठ, भांड्यांना राख. माणशी पाणीही एखादी घागर, फार तर दोन. आणलेली प्रत्येक घागर डोक्यावरून आलेली असल्यामुळे ती ओतताना हात आखडता असे. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे : ती घागर कोणाच्या डोक्यावरून येत असे, याचा हिशेब त्या काळाच्या गोडव्यात मांडला जात नाही. पाणी जपून वापरण्याची ती सुंदर रीत घरातील बायकांच्या मानेवर उभी होती.

मग दोन गोष्टी घडल्या. साबण आला आणि नळ आला. 1888 मध्ये सनलाइटच्या वड्या विलायतेहून आपल्या देशात उतरल्या; 1969 मध्ये गुजरातेत निर्मा पावडर सुरू झाली आणि स्वस्त डिटर्जंट घरोघर पोहोचला. नळाने कष्ट वाचविले, हा मोठाच उपकार. परंतु 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेचे प्रमाण दरडोई रोज 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घरी हे 275 लिटर झाले, आणि त्यांतले सुमारे दोनशे मोरीवाटे बाहेर येतात. दोन केळींना हे पेलणारे नाही. नंदुरबार शहर शिवण नदीवरील वीरचक धरणाचे पाणी पिते. इतक्या लांबून आणलेले पाणी एकदा अंगावरून गेले की गटारात टाकून द्यावयाचे, हा व्यवहार दुकानाच्या वहीत कोणी मान्य करील काय?

तरी ते बागेला वळविण्यात एक अडचण आहे, आणि ती आपल्या जमिनीची आहे. तापीकाठची जमीन खोल, काळी. वैशाखात तिला हात हात खोल भेगा पडतात. त्या वेळी शोषखड्डा खणला तर तो पाणी गटागट पितो आणि घरधनी खूष होतो. पण काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, आणि आषाढापर्यंत त्याच खड्ड्याचे डबके होते. त्यात साबणाचा सोडा. सोड्यातील सोडियम काळ्या मातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवितो. सुटे कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वरचा थर चिकणमातीसारखा घट्ट होतो. दिवाळीच्या अभ्यंगाचे तेल आणि उटणे यांचा साका याच कामात हातभार लावतो. म्हणून नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघर शोषखड्डे करून गटारे नाहीशी केली, हे अनुकरणीय असले, तरी तोच खड्डा नवापूरकडील मुरमाड जमिनीत आणि शहाद्याच्या काळ्या जमिनीत सारखाच चालेल असे समजू नये. आमच्या मते काळ्या जमिनीत खड्ड्यापेक्षा झाडावर अधिक भरवसा ठेवावा. पाणी एकाच जागी न सोडता आठवड्याने जागा बदलावी, म्हणजे मातीला उसंत मिळते. मोरीच्या तोंडाशी वाळूखडीची एक गाळणी ठेवावी आणि तिचा वरचा थर मधूनमधून काढून धुवावा. कपड्यांचे पहिले, फेसाचे पाणी बागेला न देता खळबळलेले दुसरे द्यावे. पावसाळा साचलेला क्षार खाली धुऊन नेतो, एवढे आपले भाग्य.

डबक्याची भीती मात्र खरी आहे. पॅट्रिक मॅन्सन याने 1877 मध्ये हत्तीरोगाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो हे दाखविले. तो रोग पसरविणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस पुरतात. हत्तीरोगासाठी ज्या जिल्ह्यांत सामुदायिक औषधवाटप करावे लागले, त्यांत नंदुरबारही आहे. तेव्हा न्हाणीचे पाणी पिंपात साठवून ठेवू नये. एका दिवसात ते झाडाला जावे, नाहीतर त्यास दुर्गंधी सुटते. पालेभाजी, कोथिंबीर, मुळा यांवर ते शिंपडू नये. फळझाडाच्या मुळाशी, मातीखाली किंवा पाचोळ्याखाली द्यावे. घरात कोणास जुलाब असतील किंवा तान्ह्या मुलाची लंगोटी धुतली असेल, तर त्या दिवशीचे पाणी बागेला नको. विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर राहावे.

पुण्यामुंबईच्या काही नव्या घरांत आता गरम पाण्याची मोठी कुंडे आली आहेत. एकेका कुंडात हजार-दीड हजार लिटर पाणी मावते आणि ते निर्जंतुक ठेवण्यासाठी क्लोरीन किंवा ब्रोमीन घालतात. असे पाणी एकदम सोडले तर झाडांची मुळे भाजतात आणि ओढ्यातील मासे मरतात. औषध घालणे थांबवून, झाकण काढून, काही दिवस उन्हात ठेवावे. चाचणीच्या कागदावर क्लोरीन उतरल्याचे दिसले आणि पाणी निवले, म्हणजे थोडेथोडे मोठ्या झाडांना द्यावे. मिठावर चालणाऱ्या कुंडाचे पाणी काळ्या जमिनीला कधीच देऊ नये.

टंचाईत ही सारी विद्या माणसास आपोआप येते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात घरोघर अंघोळीचे पाणी घमेल्यात धरून त्यात कपडे धुतले जात आणि मग तेच संडासाला वापरले जाई. 1972 च्या दुष्काळातही ज्यांनी गुरे वाचविली, त्यांनी मोरीचे थेंब मोजले होते. पाऊस पडला की मात्र घमेले माळ्यावर जाते.

प्रकाशे येथे आता तापीवर बॅरेज आहे. थोडे वर सारंगखेड्यालाही आहे. जी नदी काठच्या गावांचे न्हाणे-धुणे रोज वाहून नेत होती, ती वर्षातील बराच काळ फुगवट्यात उभी असते. घाटावर स्नान करणारा भाविक आणि वरच्या गावची मोरी यांच्यामध्ये आता पूर्वीची धार नाही. नगरपालिकांनी भुयारी गटारे करावीत, शुद्धीकरणाची केंद्रे चालू ठेवावीत, हे तर हवेच. परंतु ज्या घराला चार हात परस आहे, त्याने आपली मोरी गल्लीत काढण्याआधी मागच्या भिंतीकडे एकदा पाहावे. बहुतेक जुन्या घरांत तेथे ते भोक अजून आहे; कोणीतरी ते सिमेंटने बुजविलेले असते.