चाफा कुठला?

पिंपरी-चिंचवडमध्ये सोसायटीच्या दारात हौसेने लावला जाणारा सोनचाफा मॅग्नोलिया कुळातला. मॅग्नोलिया हे नाव फ्रेंच अभ्यासक प्ल्युमिए यांनी १७०३ मध्ये दिलं. झाड मात्र आशियातलं, आपल्याकडे जुनंच. जहांगीर बादशहाने फारसी आत्मचरित्रात हिंदुस्थानी सुगंधी फुलांत चाफ्याला पहिला मान दिला.

आपल्या कबरस्तानांतला पांढरा चाफा मूळचा अमेरिकेचा. त्याच्या कुळाला त्याच प्ल्युमिएंचं नाव आहे. तरी आपण त्यालाही चाफाच म्हणतो, परका म्हणत नाही.

पिंपरीत, चाकणला कामासाठी दूरदूरची माणसं येऊन राहिली आहेत. त्यांना ‘मूळचे कुठले?’ विचारताना हे दोन चाफे आठवावेत.

सोनचाफा लावायचा तर कलम घ्या, लवकर फुलतं. ऊन आणि निचऱ्याची माती हवी. मुळाशी पाणी साचू देऊ नका.