जुन्या ग्रंथांची पारख

अकबराच्या कुतुबखान्याचे विभाग ग्रंथांचे मूल्य व विषयाची योग्यता पाहून पाडलेले होते, असे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नमूद केले आहे. मोगल अमदानीत ग्रंथांची वेळोवेळी तपासणी होई. तपासणीची तारीख, ग्रंथाचा दर्जा आणि कधी रुपयांतील किंमतही कोऱ्या पानावर लिहून अधिकारी मोहोर उठवीत. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयातील 'तारीख-ए-खानदान-ए-तैमूरिया' या सचित्र ग्रंथावर तर खुद्द शहाजहानच्या हातची नोंद आहे.

आजचा पारखीही हस्तलिखित हाती घेतले की प्रथम त्याची अवस्था पाहतो. पाने पुरी आहेत काय? शिवण शाबूत आहे काय? कसर लागली आहे काय? ओल शिरली आहे काय? तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाने, म्हणजे जंगाराने, कागद खाल्ला आहे काय? हे झाले दोष. परंतु मोहोरा, समासातील टिपा, जुन्या मालकांची नावे हे दोष नव्हेत. ते ग्रंथाचे साक्षीदार होत. नवी बांधणी करताना कडा छाटल्या, पहिले मळके पान काढून टाकले, की हे साक्षीदार कायमचे मुके होतात. कसरीने जे राखले, ते दुरुस्तीने जाते!

1857 नंतर दिल्लीच्या शाही संग्रहातील कितीतरी ग्रंथ लंडनला गेले. आपल्या घरच्या पेटीतील वडिलार्जित किताब मात्र आपल्याच हाती आहे. पालकहो, तिला चिकटपट्टी लावू नका, रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा. आणि विद्यार्थी मित्रहो, तिचे पहिले पान आधी वाचा.